टोकावरचा छाप

४ जानेवारी
दोन्ही टेबलांचे पाय बसले. एक डुगडुगतो, खालून अर्धं सूत घासावा लागेल. वैशूच्या नव्या घरी पलंगाच्या दोन्ही बाजूंना ठेवायची. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा मी गेलो नव्हतो. पाच वर्षांनी फोन. "बाबा, अठराला वास्तू आहे, या." रिकाम्या हातानं कोणत्या तोंडानं जाऊ?
सौ. म्हणाली, "नागपुरात टेबलं नाई भेटत का?" भेटतात. बापानं केलेली नाही भेटत.

७ जाने.
करवत परत द्यायला मारोतीभाऊ सुताराकडे गेलो. फळ्या कापायला स्वतः आला होता. मदतीला नाही म्हणत नाही, पण माझ्याकडचा चहा कधी घेत नाही. त्याचं कारण मला ठाऊक आहे.

९ जाने.
चपडीच्या पॉलिशचा दुसरा हात दिला. सागाच्या रेषा काय खुलल्या!
मग सागाचं सामान नागपूरला न्यायच्या पासासाठी जंगलखात्याच्या नाक्यावर. नवा गार्ड आदबीनं बोलला, "काका, डेपोची पावती नाई तर लाकडावरचा छाप दाखवा."
पावती वाळवीनं खाल्ली. खात्याच्या हातोड्याचा छाप फळ्यांच्या टोकांवर होता. टोकं तडकली होती म्हणून मी कापली, सौ.नं आंघोळीच्या पाण्याखाली जाळली. तीस वर्षं गार्डची नोकरी केली, लोकांच्या लाकडावर छाप शोधला. स्वतःचा मात्र करवतीनं उडवला. गाढव!

१३ जाने.
गार्ड म्हणतो, छाप पाहिलेल्या माणसानं लिहून दिलं तर साहेबांना विचारतो. पाहिलेला एकच, मारोतीभाऊ.

१५ जाने.
गेलो. रंधा थांबवला नाही त्यानं.
"पायला ना मी छाप. चांगला ठसठशीत होता."
"मग लिहून दे भाऊ."
"आधी तुमी सांगा. माह्या दाराच्या चौकटीवरचा छाप तुमाले दिसला होता का नाई?"
तसाच परत आलो.

१६ जाने., सकाळ
दिसला होता. चौकटीच्या खालच्या अंगाला, स्पष्ट. वरच्या साहेबांना केस दाखवायची होती, मारोतीच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. चोरीचं लाकूड म्हणून जप्त केली. तो पावसाळा त्याच्या घरानं ताडपत्रीच्या दारावर काढला. त्याची म्हातारी मला शिव्या देत होती, मी वहीत नोंद करत होतो. लाज तेव्हा वाटायला हवी होती, आज वाटून काय उपयोग.

दुपार
मारोतीभाऊ स्वतःच आला. कोरे दोन कागद घेऊन. "तुमी तुमचं लिहा साहेब, मंग मी माहं लिहितो. काऊन घाबरून राह्यले?"
लिहिलं तर पेन्शनवर येईल. वैशूलाही कळेल. नाही लिहिलं तर परवा रिकामे हात, आणि ती काही बोलणारही नाही.
सौ. दोनदा डोकावली. "काय लिहून राह्यले एवढं?"
मारोतीभाऊ ओसरीवर बसला आहे. त्याचा कागद कोरा, माझाही.