जेवणाच्या टेबलावरची लढाई

३ एप्रिल
संकल्प : या सुट्टीत लेकीबरोबर रोज खेळायचं. तेरा वर्षांची झाली, हल्ली मोबाईल घेऊन खोलीत बसते. माझ्याशी बोलते ती चार्जर हवा असला तर. म्हणून टेबलावरचं युद्ध : छोटे सैनिक, टेकड्या, नदी, फासे. सैनिक तिच्या लहानपणीचे आहेत. बाकी सगळं घरीच बनवणार. माझ्या हातात कला आहे, घरात अजून कोणाला कळलेलं नाही इतकंच.

५ एप्रिल
शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे नवा फ्रिज आला. त्याच्या खोक्यातला थर्माकोल मागून आणला. बायकोने विचारलं, आपल्या घरातला कचरा कमी पडत होता का. दुर्लक्ष केलं. टेकडी फर्स्ट क्लास कापली. थोडे कण साखरेच्या डब्यात उडाले. कोणते कण कोणते ते ओळखता येत नाही. उद्या चहात जे तरंगेल तो थर्माकोल.

६ एप्रिल
टेकडीला हिरवा स्प्रे मारला. टेकडी आतल्या आत विरघळली. लेक बघायला आली आणि म्हणाली, थर्माकोलला स्प्रे चालत नाही, डब्यावरच लिहिलंय. मी म्हणालो, माहीत होतं, मला ज्वालामुखीच करायचा होता. लगेच नियम केला : ज्वालामुखीजवळ शत्रू एक पाळी थांबेल. (शत्रू म्हणजे ती.)

८ एप्रिल
भांडी घासायच्या स्पंजचे तुकडे टूथपिकला लावून जंगल केलं. निळ्या पिशवीची नदी, पुठ्ठ्याचा पूल. भांडी कशाने घासू, असं बायकोने विचारलं. नवा स्पंज आणतो म्हणालो. राहिला.
नियम एका पानात बसवले. अर्धी फूटपट्टी चालायचं, मग फासा टाकायचा. चार किंवा जास्त पडले की समोरचा गारद. इतकं सोपं करायला डोकं लागतं.

१० एप्रिल
पहिली लढाई. लेक स्वतःहून आली. मोबाईल आत ठेवून! फार बरं वाटलं.
तिने पूल अडवला आणि माझे सगळे घोडेस्वार नदीकाठी गारद केले. हरण्याचं मला काही नाही. पण नियमांत एक त्रुटी होती. पूल आदल्याच दिवशी तुटला होता, हे लिहायचं राहून गेलं होतं. लिहिलं. लढाई बरोबरीत सुटली.

११ एप्रिल
दुसरी लढाई. आज धुकं होतं. (तिच्या बाजूला.) शिवाय चाळिशी ओलांडलेल्या सेनापतीला फासा पुन्हा टाकता येतो, हा नियम आवश्यकच होता. माझ्या वयाचा काही नियम आहे का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, विचाराधीन आहे. ऑफिसात या उत्तरावर लोक निमूट परत जातात. तीही गेली.

१३ एप्रिल
आली नाही. अभ्यास आहे म्हणे. सुट्टीत!
बायको म्हणाली, ती पत्ते खेळायची तेव्हाही तुम्ही असंच करायचात. साफ खोटं. तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि पानं लपवायची.
ऑफिसात फाईल उघडून नवा नियम लिहायला बसलो. सुचला नाही. धुक्याचा नियम ऐकतानाचा तिचा चेहराच आठवत राहिला. लाज वाटली. जेवणाच्या सुट्टीनंतर थोडी कमी झाली.

१४ एप्रिल
संकल्प : माफी मागायची. दार वाजवलं. काय आहे, म्हणून तिने आतून विचारलं. मी म्हणालो, स्पंज पाहिलास का.

१६ एप्रिल, दुपार
आली! बहुधा आईने पाठवली, पण आली. पहिल्या पानावरचे नियम, एकही नवीन नाही, असं कबूल केलं आणि पाळतोय. तरी आघाडीवर आहे. अनुभव तो अनुभव. ती पाणी प्यायला गेली आहे म्हणून घाईत लिहितोय.

१६ एप्रिल, संध्याकाळ
जिंकलो.
शेवटी तिचा एक सैनिक उरला होता आणि माझा सेनापती. फासा तिचा. मी चष्मा पुसत होतो, पण इतकाही आंधळा नाही. सहा पडले होते. तिने बोटाने फासा कलता केला आणि म्हणाली, "एक."
मी पाहिलं, हे मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी 'अरेरे, नशीब' म्हणालो, माझा फासा टाकला आणि तिचा सैनिक उचलला.
"झालं ना बाबा तुझं?" ती म्हणाली. "आता मी जाऊ?"
रागाने म्हणाली नाही. लहान मुलाला समजावतात तशी म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हो म्हणालो.
मग बायको टेबल आवरायला आली आणि कोण जिंकलं म्हणून विचारलं.
मी म्हणालो, "मी."