भुरीनं दिलं का?

माय, आज टेबलावर पुन्हा एक मांजर आलं होतं, जिभेखाली गाठ असलेलं. त्यानं एकाच बाजूनं तोंड उघडलं आणि माझा हात थांबला. तसं तोंड मी घरात दोनदा पाहिलं, आधी भुरीचं, मग तुझं. नागपुरात जनावरांच्या दवाखान्यात माझे केस पांढरे झाले, पण ते तोंड दिसलं की मी अजून अड्याळच्या आपल्या ओसरीत जाऊन पडते.

तू भिंतीला टेकून बिड्या वळते आहेस. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, आणि सुपाखाली तुझ्या लुगड्याच्या उबेत आपली भुरी मांजर. तंबाखूची भुकटी तिच्या अंगावर पडत राहते आणि ती बया दिवसभर अंग चाटत बसते. मधूनच तू एक चिमूट स्वतःच्या गालात ठेवतेस. मी शाळेतून आले की तुझं आधी तिच्याशी बोलणं, मग माझ्याशी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. "तिलेच पोरगी म्हन ना मंग," मी फणकारायची. तू हसायचीस. "ते तरी उलटून बोलत नाई व."

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा भुरीची लाळ गळायला लागली, लाळेत रक्त. तू तिला टोपलीत घालून, वर फडकं बांधून गुरांच्या डॉक्टरकडे नेलंस. रांगेत बैल, म्हशी आणि आपण. लोक फिदीफिदी हसत होते. डॉक्टरही आधी हसले, "बाई, बैल कुठाय?" मग त्यांनी तिचं तोंड उघडून पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. हे बरं होत नाही, घरी न्या म्हणाले. शेजारची काकू तर दारातच उभी होती. "सडक्या तोंडाचं जनावर, तलावापल्याड सोडून दे. तुया पोरीले लागन ते." तू अशी उखडलीस! "काहून सोडू? उद्या तू बिमार पडली त तुले बी सोडून येऊ का तलावापल्याड?" आणि भुरी जाईपर्यंत तू तिला बोटानं पेज चाटवत राहिलीस, त्याच तोंडात बोट घालून.

पुढं काही वर्षांनी तुझ्या गालात आतून चट्टा उठला. तिखट सोसेना, मग भातही सोसेना. काकू पुन्हा दारात आली, "मी म्हटली होती ना तुले?" मांजरानं दिलं, असं गावभर झालं. तुला नागपूरला नेताना एसटी वाटेतल्या शहापूरला थांबली, मी चहा आणला. तुला तो गिळवला नाही. बशी माझ्या हातात देत तू हळूच विचारलंस, "खरं सांग व, भुरीनं देल्लं का मले?" रागानं नाही विचारलंस. जिला हातानं भरवलं तिनं असं करावं, याचं तुला वाईट वाटत होतं. मला तेव्हा काय कळत होतं, माय? मी खिडकीबाहेर पाहत बसले. तू पुन्हा विचारलं नाहीस, आणि पावसाळ्याआधी गेलीसच.

ती बशी अजून माझ्या हातात आहे असं वाटतं. आजही त्या मांजराच्या गाठीचा बारका तुकडा काचेवर घेतला. भिंगाखाली मांजराचा तोंडाचा कॅन्सर आणि माणसाचा इतका सारखा दिसतो की कुठला कोणाचा ते सांगावं लागतं. पॅपिलोमा नावाचा एक विषाणू असतो, काही मांजरांच्या अशा गाठीत तो सापडतो. काहींत सापडत नाही, आणि कधी धडधाकट मांजराच्या तोंडातही निघतो. चोरी झालेल्या घरात पाहुणा सापडला म्हणून तो चोर ठरत नाही, तसंच हे. पण एक पक्कं कळलंय. हे विषाणू आपापली जात धरून राहतात, मांजराचा मांजरापाशी, माणसाचा माणसापाशी.

म्हणजे नाही, माय. भुरीनं नाही दिलं. तिच्यावर उगाच आळ आला.

हे एवढंच लिहून पाठवायचं होतं. पण तुला वाचता येत नव्हतं, आणि ऐकलं असतंस तरी लगेच विचारलं असतंस, "मंग कोनं देल्लं व?" तेव्हा मला त्या सुपाकडे बोट दाखवावं लागलं असतं. त्याच सुपावर कमावून तू मला शिकवलंस. भुरीला विषाणूनं नेलं की अंगावरून चाटलेल्या तुझ्या सुपातल्या भुकटीनं, ते मात्र मला अजून नक्की ठाऊक नाही, म्हणून पत्र इथंच ठेवते. खरं सांगू? अशा मांजराची काच भिंगाखाली सरकवताना मी दर वेळी मनात म्हणते, देवा, विषाणूच निघू दे.