बर्फाला घाम येईपर्यंत

बुधवार, ११ मार्च

प्रिय बबी,

सकाळी सहाला लसीचं भांडार उघडलं. दोन्ही फ्रीजचं तापमान चार. रात्री वीज गेली नव्हती. डीप फ्रीजरमध्ये आइसपॅक चोवीस, सगळे घट्ट. आज लसीकरणाचा दिवस आहे. गाडी नऊला येईल. तोवर इथे कोणी फिरकत नाही, म्हणून टेबल पुसून लिहायला बसलो आहे. घरी दोनदा बसून पाहिलं, पण जमलं नाही. आईचा चष्मा अजून रेडिओवर आहे. मी तो हलवलेला नाही.

आईला जाऊन आज बावीस दिवस झाले. तू तिसऱ्या दिवशी परत गेलीस, त्यानंतर कोण कोण येऊन गेलं ते तुला कळवायचं राहिलं. केसपेपरच्या खिडकीतला कारकून आला होता. चौकशीनंतर आईला टोचण्याच्या कामावरून काढून त्याच्या शेजारी बसवलं होतं ना, तोच. तासभर बसला आणि उठताना एवढंच म्हणाला की, सिस्टर खिडकीवर होत्या तोवर रांगेत कधी भांडण झालं नाही. वॉर्डातल्या सफाईच्या मावशी आल्या, त्यांनी आईचा कंगवा आणून दिला. शेवटचे पंधरा दिवस त्याच रोज तिची वेणी घालत होत्या. त्यांचं ते काम नव्हे. मी तसं म्हणालो, तर माझ्यावरच खेकसल्या, "तुम्ही बर्फाचं बघा, बाईमाणसाच्या केसांतलं तुम्हाला काय कळतंय." गाडीचा चालक मात्र घरात आलाच नाही. फाटकाशी उभा राहून डोळे पुसत होता. हाक मारली तर म्हणाला, गाडी चालू ठेवलीय, आणि निघून गेला. गाडीचं इंजिन बंद होतं, मला दिसत होतं.

या तिघांचं लिहितोय कारण या तिघांनी चौकशीच्या निकालावर कधी विश्वास ठेवला नाही. तू ठेवलास. तुला दोष देत नाही. तू मुलांच्या वॉर्डात काम करतेस. घटसर्पाने घसा बंद झालेलं मूल तू पाहिलं आहेस. शिवाय तुझ्याच ड्यूटीरूममध्ये कोणी तरी "हिची आई घरी बसूनच टोचायची म्हणे" असं हसत म्हणालं होतं, ते तू मला फोनवर सांगितलं होतंस. त्या दिवसापासून तू फोन माझ्याच नंबरवर करायला लागलीस. आई शेजारी बसलेली असायची. बोलणं संपलं की विचारायची, जेवली का ती? आणि मी हो म्हणायचो, तुला विचारलेलं नसलं तरी.

जाताना तू बसच्या पायरीवर उभी राहून म्हणालीस, "बाबा, एकदा तरी तिने म्हणायला हवं होतं, चुकले म्हणून." मी म्हणालो, चढ, बस सुटेल.

तुला भांडारातलं हे लाकडी बाक आठवतं का? तू शाळेत असताना सुट्टीत इथे येऊन बसायचीस. आइसपॅक म्हणजे बर्फाच्या विटाच असतात, असं तू मैत्रिणींना सांगायचीस. लसीच्या डब्यात ते चारी बाजूंनी उभे लावायचे आणि मध्ये लसीच्या बाटल्या ठेवायच्या. पण फ्रीजरमधून काढले की लगेच लावायचे नाहीत. अर्धा तास टेबलावर पसरून ठेवायचे. आधी त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसते, मग ती जाते, मग थेंब येतात. त्याला आम्ही घाम येणं म्हणतो. घाम आला की एक पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाण्याचा आवाज आला की समजायचं, आता हा लसीला बाधणार नाही. उन्हाने लस खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. अति गारठ्यानेही होते, हे आमच्यासारख्यांनाच माहीत असतं. घटसर्पावरची त्रिगुणी लस एकदा गोठली की मेली. पुन्हा वितळल्यावर दिसते तशीच, सुईतून जाते तशीच, फक्त काम करत नाही.

तो अर्धा तास आमचा दोघांचा होता. लग्नानंतरची सगळी वर्षं, दर बुधवारी. आई डबा न्यायला यायची आणि बर्फाला घाम येईपर्यंत आम्ही या बाकावर चहा पीत बसायचो. घरात तुझे आजी-आजोबा, तुझा अभ्यास, पाहुणे. इथे कोणी नाही. तुला नर्सिंगला घालायचं हेही इथेच ठरलं. चालक बाहेरून हॉर्न वाजवायचा आणि ओरडायचा, "अहो बर्फवाले, आला का घाम? का सिस्टरना आज सुट्टी देताय?" आई पदराने तोंड पुसत हसायची. मला हसायला फारसं येत नाही, तुला माहीत आहे. पण मला ते आवडायचं.

आठ वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका बुधवारी आमचं सकाळी भांडण झालं. कारण सांगायलाही लाज वाटते. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळत होता आणि मी वॉशर आणत नव्हतो. ती म्हणाली, "दवाखान्याचा फ्रीज अर्ध्या अंशाने सरकला तर धावता, घरचा नळ मात्र वाहू दे." खरंच होतं ते. खरं होतं म्हणून मला जास्त लागलं. मी जेवणाचा डबा न घेताच घरून निघालो आणि भांडारात आलो. थोड्या वेळाने ती नेहमीसारखी आली, बाकावर बसली. तिने चहाचा थर्मास आणला होता. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं. अर्धा तास तिच्या शेजारी बसायचं नव्हतं, म्हणून मी फ्रीजर उघडला, आइसपॅक काढले आणि तसेच डब्यात लावले. पांढरे. माझ्या बोटांना चिकटत होते. बाटल्या मध्ये ठेवल्या, झाकण लावलं आणि डबा तिच्यापुढे सरकवला. चालक बाहेर होताच. तो म्हणाला, "आज लवकर घाम आला हो!" ती डबा घेऊन उठली. थर्मास बाकावर ठेवून गेली.

डबा दगडखाणीच्या वस्तीवर गेला. तिथे पोहोचायला दोन तास लागतात. एकतीस मुलांना तिने त्रिगुणी टोचली. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, "आज बाटली हातात घेतली तर बोटं बधिर झाली हो." मी म्हणालो, थंडीच आहे. तोवर मी वॉशर आणून नळ दुरुस्त केला होता. ती नळ उघडून, बंद करून बघत राहिली आणि मग हसली. तिला वाटलं, मी माफी मागितली. मागितलीच होती, पण नळाची.

बबी, इथपर्यंत चूक होती. पुढचं चुकीत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला, त्यात न वापरलेल्या दोन बाटल्या होत्या. मी त्यातली एक आणि फ्रीजमधली एक चांगली अशा दोन्ही हातात घेऊन हलवल्या आणि खिडकीत उजेडाला शेजारी शेजारी ठेवल्या. ही परीक्षा आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. चांगली लस बराच वेळ गढूळ राहते. गोठलेली लवकर खाली बसते, तळाशी पांढरे कण आणि वर स्वच्छ पाणी. मी घड्याळ लावून उभा होतो. घड्याळाची गरजच पडली नाही. दुसरी बाटलीही तशीच.

त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं असतं, तर एकतीस मुलांना पुन्हा बोलावून पुन्हा टोचलं असतं. मला एक मेमो मिळाला असता. एवढंच. मी दोन्ही बाटल्या नष्ट केल्या आणि साठ्याच्या वहीत लिहिलं, "दोन बाटल्या फुटल्या." खाली सही केली. मला वाटलं, एवढ्या मुलांत कोणाला काय होणार आहे. आणि तुझ्या आईला कसं सांगू की तिच्याशी बोलायचं नव्हतं म्हणून मी असं केलं?

दोन वर्षांनी वस्तीत घटसर्प आला. सात मुलं आजारी पडली, दोन गेली. त्यातली एक मुलगी तीन वर्षांची होती. चौकशीला बाहेरून साहेब आले. लसीकरणाच्या वह्या काढल्या, तर सातही मुलांच्या नावापुढे तुझ्या आईने केलेल्या, लस दिल्याच्या खुणा. लस घेतलेली मुलं अशी आजारी पडत नाहीत, म्हणजे लस दिलीच नाही, घरी बसून खुणा केल्या, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आईने एवढंच सांगितलं, "मी टोचलं. माझ्या हातांनी टोचलं." त्या तीन वर्षांच्या मुलीची आईही आली होती, खाणीतली धूळ तशीच अंगावर. साहेबांना म्हणाली, "पोरीच्या मांडीला लिंबाएवढी गाठ आली होती, दोन दिवस पाय उचलत नव्हती. ती काय वहीतल्या खुणेने आली का?" साहेब म्हणाले, गाठ कशानेही येते. मी तिथेच भिंतीशी उभा होतो, तापमानाची वही घेऊन. गोठलेली लस टोचली की अशीच गाठ येते, हे मला माहीत होतं. साहेबांनी माझी वही पाहिली, सगळीकडे चार, पाच, चार. मला विचारलं, "लस गोठली वगैरे नव्हती ना?" मी म्हणालो, नाही साहेब. त्यांनी माझ्या वहीवर "भांडार उत्तम" असा शेरा मारला. तुझी आई बाकावर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती पाय धुऊन आत आली आणि म्हणाली, "तुम्ही भरलेला डबा मी कधी तपासला नाही." बस. नंतर चहा टाकला. त्या विषयावर आमचं पुढे कधी बोलणं झालं नाही. तिला खिडकीवर बसवलं, वर्षभराने तिने नोकरी सोडली, मी भांडारातच राहिलो. बुधवारी मी एकटाच चहा प्यायचो. तिच्या जागी आलेली मुलगी घाईची होती. "काका, अजून किती वेळ?" म्हणत उभीच राहायची. तिला मी कधी लवकर डबा दिला नाही.

शेवटच्या आठवड्यात, मावशी वेणी घालून गेल्यावर, आईने मला जवळ बोलावलं. ऑक्सिजनच्या नळीमुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. म्हणाली, "बबीला सांगू नका. तिला एक तरी राहू दे." मला कळायला थोडा वेळ लागला. आई-बापांपैकी एकाला तरी तुला मान वर करून आपलं म्हणता यावं, यासाठी ती सहा वर्षं गप्प राहिली होती. आणि तो एक मी. मी मान हलवली. तीही मी नेहमीसारखीच हलवली, खोटं हो म्हणताना हलवायचो तशी.

मध्येच उठून आइसपॅक बाहेर काढले. टेबलाच्या या टोकाला पसरले आहेत, कागद थोडा ओला झाला तर समजून घे.

आता हे का लिहिलं ते. आज गाडी गेल्यावर मी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर अर्ज ठेवणार आहे. त्यात तारीख, आइसपॅक, दोन बाटल्या, साठ्याच्या वहीचं ते पान, साहेबांना मी दिलेलं उत्तर, सगळं आहे. आईच्या नावावरचा शेरा काढावा, असं शेवटी लिहिलं आहे. निवृत्तीला चार महिने उरले आहेत, तोवर थांबा असं कोणी म्हणेल, म्हणून कोणाला विचारलं नाही. त्यानंतर खाणीच्या वस्तीवर जाणार आहे. ती बाई अजून तिथेच राहते. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन. पण दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं, म्हणून हे पत्र चालकाजवळ देतो आहे. तो टपालात टाकेल. आईला दिलेला शब्द मोडतो आहे, ते माझ्या नावावर राहू दे. चुकले असं तिने म्हणायचं नव्हतंच, बबी. ते मी म्हणायचं होतं. तू यापुढे फोन केला नाहीस तरी मी समजेन. फक्त तुझ्या ड्यूटीरूममध्ये आईचं नाव निघालं, तर तिने प्रत्येक मुलाला टोचलं होतं, एवढं मोठ्याने सांग.

आठ वाजून दहा मिनिटं झाली. पांढरं गेलं, थेंब आले आहेत. एक पॅक कानाशी धरून हलवला. पाण्याचा आवाज येतो आहे. आता डबा भरतो.

तुझाच,
बाबा