देवापुढे ठेवलेला फोन

प्रिय आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. म्हैसुरात सुखरूप आहे, जेवणही वेळेवर होतं.

काल सभेला नेणारे टॅक्सीवाले मानाजीराव मराठीच निघाले, जुन्या शिपाईगड्यांच्या घरातले. खंडेनवमीला तू शिलाई मशीन पुजून झाकून ठेवतेस ना? तसा त्यांनी गेल्या वर्षी पणजोबांच्या तलवारीशेजारी भाडी घेण्याचा फोन ठेवला, कुंकू लावून. भाडी येत राहिली, फोन वाजत राहिला. त्यांनी उचलला नाही. टॅक्सीच्या ॲपवाल्या कंपनीनं त्यांचं काम कायमचं बंद केलं. स्वतःची गाडी गेली, आता दुसऱ्याची चालवतात.

"भांडला नाहीत?"

"अय्यो, कोणाशी सर? तिकडं माणूसच नाही."

सभेत मी कष्टकऱ्यांच्या हक्कांवर दोन तास गरजलो. परतताना ते म्हणाले, "बाहेर उन्हात सगळं ऐकू आलं. छान बोलता, सर."

त्यांना आत बोलवायचं मला सुचलंच नव्हतं, आई.

तुझा,
विद्याधर