लाल दोऱ्याचा नॅपकिन

४ मार्च, सोमवार

परत डबकं! सकाळी लाँड्रीची गाठोडी गाडीत चढवायला खाली उतरले तर गाडीखाली हिरवं पाणी, कालच्यापेक्षा मोठं. शेजारचं मांजर वास घेत होतं, त्याला आधी हुसकलं. बॉनेट उघडलं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा जाड रबरी पाईप आहे ना, तो मधोमध चिरलाय. चिरेतून थेंब थेंब. म्हणजे मी रोज सकाळी ओततेय ते सगळं रस्त्याच्या घशात.

हॉटेलच्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे गेला. गाडी बाजूला घेतली, निवेपर्यंत थांबले, पुन्हा पाणी ओतलं, निघाले. चादरी पोचल्या, पण उशिरा. तिथली बाई काही बोलली नाही, नुसतं घड्याळाकडे बघितलं. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

यांना सांगितलं. वरच्या खोलीत खिडकीशी इस्त्री करत होते. "हं," म्हणाले. गाडीचा विषय निघाला की यांचं एवढंच.

५ मार्च, मंगळवार

भाऊजींचा फोन. रविवारी एक गिऱ्हाईक घेऊन येतो म्हणाले, व्हॅन देऊन टाका, लाँड्री बंद करा आणि दोघंही आमच्याकडे राहायला या. माझे दीर मनाने फार चांगले. तोच तर त्रास! वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

पण मला पुढचं स्वच्छ दिसतंय. गाडी गेली की लाँड्री गेली. लाँड्री गेली की हे भाऊजींच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसणार, आणि मग त्या खुर्चीतून उठणारच नाहीत. गेल्या वर्षी यांनी गाडी खांबावर घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, एक दिवा फुटला, बस्स. पण त्या दिवशी किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. आयुष्य स्टिअरिंगमागे घालवलेला माणूस, आता अंगणातही उतरत नाही. डॉक्टर म्हणतात तब्येत ठणठणीत आहे. तेव्हापासून गाडी मी चालवते. या वयात शिकले. मी रिव्हर्स घेतला की शेजारीण आपल्या कुंड्या आत घेते.

रात्री जेवताना विचारलं, गाडी द्यायची का? म्हणाले, "तू म्हणशील तसं."

असं उत्तर देणारा माणूस नव्हता हा! मला इतका राग आला की पानातलं तसंच टाकून उठले. मग भूक लागली, परत बसले.

मेकॅनिकला फोन केला. त्याला मी मनात 'परवा' म्हणते, त्याचं प्रत्येक काम परवा होतं. यावेळी त्याने थेट पुढचा आठवडा सांगितला. गिऱ्हाईक येणार रविवारी. गळकी गाडी बघून भाऊजी म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हतो?

६ मार्च, बुधवार

मीच बदलणार पाईप. धुलाईयंत्राचे पाईप बदलतेच की मी. पाणी एका टोकाने आत, दुसऱ्याने बाहेर. त्यात काय एवढं!

७ मार्च, गुरुवार

त्यात बरंच काही आहे.

गाडी गार असताना खालचं बूच सोडून हिरवं पाणी टबात काढलं. पाईपच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या क्लिपा, त्या सुटल्या. पाईप मात्र हटेना. ओढला, पिळला, चार शिव्या घातल्या. (शिव्या कुठून शिकले? यांच्याकडूनच. पूर्वी ट्रॅफिकमध्ये हे काय एकेक रत्नं काढायचे!) शेवटी ब्लेडने टोकं उभी चिरली तेव्हा सुटला. इंजिनाच्या आणि रेडिएटरच्या उघड्या तोंडांत कचरा जाऊ नये म्हणून नेहमीच्या सवयीने फडकी खोचली. यंत्राचा पाईप काढला की आम्ही तेच करतो, हाताला येईल तो कपडा आणि भोकात बोळा.

जुना पाईप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून सामानाच्या दुकानात नेला. दुकानदाराने आधी विचारलं, मेकॅनिक कुठाय? मी म्हटलं, समोर उभा आहे. मग नीट बोलला. पाईपची वळणं जुळवून नवा काढून दिला, क्लिपाही नव्या घ्यायला लावल्या. म्हणाला, "ताई, क्लिप टोकाला लावू नका, थोडी आत घ्या. आणि आवळताना जोर दाखवू नका."

घरी येईपर्यंत संध्याकाळ. उद्या बसवते. वर बघितलं तर हे खिडकीत, हातात इस्त्री, नजर शर्टाच्या कॉलरवर. नको तितकी कॉलरवर.

८ मार्च, शुक्रवार

पाईप बसला! आतून साबणाचं पाणी लावलं, सुळकन गेला. साबणातलं मला कुणी शिकवायला नको. क्लिपा आवळल्या, नवं हिरवं पाणी, कूलंट, भरलं, इंजिन सुरू केलं. एक थेंब नाही! मी अंगणात उभी राहून हसत होते, एकटीच, वेड्यासारखी.

आणि मग काटा वर. आणखी वर. इंजिन एवढं तापतंय म्हणून हीटर लावून बघितला, तर त्यातून गार वारा. काटा लालला टेकायच्या आत इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने पुन्हा लावलं, पुन्हा तेच. गळत तर नव्हतं! मग काय?

पायरीवर बसून रडले. लिहायला लाज वाटत नाही, इथे कोण बघतंय. वाटलं, भाऊजींचंच खरं.

संध्याकाळी.

हे आत्ताच लिहायला हवं, नाहीतर झोप यायची नाही.

मी हॉटेलचे नॅपकिन घड्या घालून मोजत होते. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका असतो. हॉटेलचा लाल, दवाखान्याचा निळा. लाल एक कमी. पुन्हा मोजले. कमीच. यंत्रात हात घालून बघितलं, टोपल्या उलट्या केल्या. आमच्याकडून आजवर एक रुमाल हरवलेला नाही, आणि आजच हे! म्हटलं, दिवसच वाईट आहे, हातातून सगळंच निसटतंय.

हे इस्त्री करता करता थांबले. खाली मान घालून म्हणाले, "एक इंजिनात बघ."

मला कळेचना.

"तू दोन बोळे खोचलेस. काढताना एकच काढलास. रेडिएटरचा. इंजिनाच्या तोंडातला आतच राहिला आणि वर पाईप बसवलास."

मी मनातल्या मनात बोळे मोजले. अगदी खरं. खोलवर दाबला होता, दिसलाच नसणार. पाणी फिरेल कुठून, वाटेत हॉटेलचा नॅपकिन बसलाय!

मग डोकं भडकलं. सकाळपासून माहीत होतं तर बोलला का नाहीत? मी खाली रडत बसले होते! यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाले, "बोललो असतो तर खाली यावं लागलं असतं."

राग होता तिथल्या तिथे विरला. मी यांना भित्रा म्हणत होते मनातल्या मनात, वर्षभर. आता यांनी स्वतःच ते तोंडाने सांगितलं. मी म्हटलं, इंजिन अजून गरम असेल ना? म्हणाले, "आत्ता झाकण उघडू नकोस. चटका बसेल. सकाळी."

सकाळी, म्हणाले. 'सकाळी उघड' नाही म्हणाले.

९ मार्च, शनिवार

हे उतरले! बनियनवर, पायात माझ्या सपाता. आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, दोनदा तपासलं, मग जिना. मी मुद्दाम काही बोलले नाही, बोलले असते तर पाखरू उडालं असतं.

क्लिप यांनी सोडली. बोटांना सगळं पाठ. पाईप एका बाजूने काढला, आत चिमटा घातला आणि ओढला. नॅपकिन लांबच लांब येत राहिला, हिरवागार, कोपऱ्यात लाल दोरा. आम्ही दोघंही हसायला लागलो. किती दिवसांनी हसले हे! हसता हसता गाडीच्या मडगार्डवर हात टेकला, आणि तो तिथेच ठेवला.

पाईप लावला, कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून आतली हवा निघू दिली. इंजिन मी सुरू केलं. काटा मध्यावर आला आणि थांबला. हीटरमधून गरम वारा. जीव भांड्यात पडला.

नॅपकिन तीनदा धुतला. हिरवा तो हिरवाच. हॉटेलला खरं सांगितलं. ती बाई पहिल्यांदाच हसली, म्हणाली राहू द्या तुम्हालाच.

१० मार्च, रविवार

भाऊजी आले, बरोबर गिऱ्हाईक. त्याने गाडीखाली वाकून बघितलं. कोरडं. इंजिन ऐकलं, मान डोलावली, त्याला गाडी आवडली. मी म्हटलं, माफ करा, गाडी द्यायची नाही. भाऊजींना वाईट वाटलं. बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही एकट्या किती दिवस ओढणार? चालवणार कोण?"

मी म्हटलं मी चालवेन, चालवतेच आहे. यांच्याकडे बघितलं. मी किल्ली पुढे केली होती, नुसतीच, कुणाला असं न म्हणता. हे एक पाऊल मागे सरकले आणि वर गेले.

असो. गाडी वाचली, लाँड्री वाचली. गॅलरीतली खुर्ची टळली. खूप हलकं वाटतंय, खरंच. फक्त ते एक पाऊल तेवढं डोळ्यांपुढून जात नाही.

१३ मार्च, बुधवार

गाडीखाली कोरडं. मांजर हिरमुसून गेलं.

१५ मार्च, शुक्रवार

चढावर काटा हलला नाही. घरी येऊन सांगितलं तर यांनी विचारलं, "तिसऱ्या गिअरवर घेतलीस का?" मी म्हटलं दुसऱ्या. म्हणाले, "तिसऱ्यावर चढते ती." 'हं' नाही. गाडी चालवण्याबद्दल पूर्ण वाक्य!

हिरवा नॅपकिन इस्त्रीच्या टेबलावर पडलेला असायचा. आज दिसला नाही.

१८ मार्च, सोमवार

सकाळी गाठोडी घ्यायला गेले तर गाठोडी नाहीत. अंगणात धावले. जमीन कोरडी, आणि गाडी नाही! चोरी झाली असं ओरडणारच होते, तेवढ्यात कुंड्यांना पाणी घालणारी शेजारीण म्हणाली, आज कुंड्या आत घ्यायची वेळच आली नाही, काय सुरेख रिव्हर्स घेतला! मी वर आले. दारामागच्या खिळ्याला किल्लीच्या जागी हिरवा नॅपकिन अडकवलेला. इस्त्री गार.

आजचे शर्ट मी करते.