अर्धवट मोडेम

प्रिय बडबडे,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या लॅबच्या पत्त्यावर का पाठवलं, ते शेवटी सांगते. त्या रक्ताच्या नळ्या बाजूला सार, हात धू आणि निवांत वाच. आधी बातमी. मोडेम चालू झाला. तुझ्या नवऱ्याने दिलेल्या जुन्या लॅपटॉपमधला, लिनक्सखाली तो कधीच चालणार नाही असं तू मला दर रविवारी बजावत होतीस, तोच. आनंद झाला असेल म्हणशील, तर अजिबात नाही. तुंबलेली मोरी दिवसचे दिवस उपसल्यावर पाणी वाहायला लागलं तर कोणी नाचत नाही, आधी साबण शोधतं. माझं तसंच झालंय. त्या यंत्राकडे बघितलं तरी अजून शिसारी येते.

लॅपटॉप देताना जावईबापूंनी केलेलं भाषण आठवतं का? यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम आहे, व्हायरस येत नाही, काही विकत घ्यावं लागत नाही, सगळं खुलं, कुणाची गुलामी नाही. त्यांना मिशी नाही, त्यामुळे त्यांचे ओठ मला स्वच्छ वाचता येतात आणि एक शब्दही सुटला नाही, दुर्दैव माझं. पण शेवटी ते म्हणाले, ताई, आता फोनच्याच तारेवरून तुम्ही लिहून बोलाल, आणि तिथे मी विरघळले. लहानपणीच्या तापात कान गेले तेव्हापासून आपल्या घरातला फोन ही माझ्या लेखी फक्त पुसायची वस्तू आहे. मी पुसायचे, तू बोलायचीस. डॉक्टर, गॅसवाला, छापखाना, सगळे फोन तुझे. 'माझ्या बहिणीचं म्हणणं असं आहे' अशी सुरुवात करून तू पलीकडच्याला असं फैलावर घ्यायचीस, की मी म्हटलेलंच नसायचं तेही त्याला ऐकावं लागायचं. लग्न झाल्यावरही दर रविवारी बस धरून यायचीस, आठवड्याचे फोन उरकायचीस आणि आईच्या हातचं जेवून जायचीस. आता छापखान्याचे मालक म्हणतात, तपासायची मुद्रितं मेलवर पाठवू, जमत नसेल तर सांगा, दुसरं कोणी बघतो. तेव्हा मोडेम ही माझी हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

तर हा मोडेम. खरा मोडेम आपलं काम आपण करतो. लॅपटॉपमधलं लिखाण आवाजात बदलून तारेत सोडतो, पलीकडून आलेल्या आवाजाचं पुन्हा लिखाण करतो. हा यातलं काहीएक करत नाही. वायर खुपसायचं भोक आणि त्यामागे एक आळशी चिप, एवढाच याचा संसार. सगळी मेहनत लॅपटॉपच्या प्रोसेसरने करायची, आणि ती कशी करायची हे सांगणारा प्रोग्राम कंपनीने फक्त त्या दुसऱ्या, विकतच्या सिस्टिमसाठी लिहिलेला. लिनक्सला हा दिसतसुद्धा नाही. आपले थोरले काका आठव. घरात कुठलंही कार्य असो, इस्त्रीचे कपडे घालून दारात उभे, आणि आत राबणारे सगळे दुसरेच. तसला हा प्रकार. अर्धवट वस्तू विकायची आणि वर खोक्यावर 'मोडेमसह' असं दिमाखात छापायचं. ते मुद्रित माझ्याकडे आलं असतं, तर मी तो शब्दच उडवला असता.

दुरुस्तीवाल्याकडे आईला घेऊन गेले, तिथेच चुकले. लॅपटॉप माझा, प्रश्न माझा, लिहून नेलेला कागद माझा, आणि तो माणूस बोलतोय आईशी. यांना कशाला हवंय हे सगळं, यांना काय कळणार, असं तो म्हणाला. तोंडात काहीतरी चघळत होता, तरी मला वाचता आलं. लिनक्स काढून टाका, हा त्याचा सल्ला. मग कोपऱ्यावरच्या कॅफेतून लिनक्सवाल्यांच्या मंचावर विचारलं. ती जमात त्याहून वरताण. एकाने लिहिलं, हा प्रश्न पूर्वी येऊन गेलाय, शोधा. दुसऱ्याने विचारलं, असला मोडेम घेतलातच कशाला. तिसऱ्याने दुसऱ्याशी भांडण उकरून काढलं, आणि ते दोघं एकमेकांची अक्कल काढत असताना माझा प्रश्न पायदळी गेला. शेवटी एका भल्या बाईने चिप नेमकी कुणाची ते ओळखायला शिकवलं आणि सांगितलं, याचा ड्रायव्हर, म्हणजे याला चालवणारा प्रोग्राम, आहे, पण तो तुमच्याच लॅपटॉपवर तुम्हालाच बांधून घ्यावा लागेल.

बांधून घ्यावा लागेल! मी काय घर बांधायला निघाले होते? तो कॅफेतून सीडीवर उतरवून आणला, तर म्हणाला सिस्टिमच्या गाभ्याच्या फायली हव्यात. त्या आणल्या, तर त्या जरा वेगळ्या आवृत्तीच्या निघाल्या. योग्य आवृत्ती आणली, तर हे सगळं बांधणारा प्रोग्राम, कंपायलर म्हणतात तो, नाही. प्रत्येक खेपेला पुन्हा कॅफे. कॅफेवाला मला बघितलं की मोठमोठ्याने ओरडून बोलायचा. सगळा कॅफे दचकायचा, मी सोडून. सूचनांच्या प्रत्येक ओळीत 'फक्त एवढंच करा' असं लिहिलेलं, आणि त्या 'फक्त'पायी माझा अख्खा दिवस जायचा. त्यातून मी माझ्या सवयीची गुलाम. ड्रायव्हरच्या एका फायलीत कुठल्याशा शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं दिसलं, हात शिवशिवला, मी ते नीट केलं. झालं, सगळं कोसळलं. प्रोग्राम तोच चुकलेला शब्द शोधत होता. चूक लिहिणाऱ्याची, ती जपायची मात्र आम्ही. या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण असा निलाजरेपणा पाहिला नव्हता.

आणि हे सगळं पार पडल्यावर मोडेम काय म्हणतो, तर डायल टोन येत नाही. मंचावर विचारलं. एकजात सगळ्यांचा एकच प्रश्न: तुम्हाला टोन ऐकू येतो का? वाचून मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. गंमत म्हणजे या दळभद्री मोडेमला स्वतःचा स्पीकरच नाही, ज्यांना ऐकू येतं त्यांनाही काही ऐकू येत नाही. पहिल्यांदाच सगळे माझ्या रांगेत. मग आईला आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलून ऐकायला सांगितलं. तिने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, टोन तर आहे, नेहमीसारखाच आहे, हा बहिरा आहे मेला. म्हणाली आणि जीभ चावली. मीच तिला म्हटलं, बरोबर बोललीस. तो परक्या देशातल्या टोनची वाट बघत बसला होता, आपला टोन त्याच्या ओळखीचाच नव्हता. शेवटी त्याला एक आज्ञा द्यायची असते, की टोनसाठी थांबू नकोस, सरळ नंबर फिरव. दिली आणि लागला. आई अजून ऐकू येतंय का बघायला पुन्हा रिसीव्हर उचलते आणि दर वेळी लाइन तोडते, तो भाग वेगळा.

आता तुझ्यावरचा राग. या सगळ्या उस्तवारीत तू एकदाही विचारलं नाहीस, कुठवर आलं म्हणून. मी चिप सापडली म्हणून नाचत सांगितलं, तू म्हणालीस, राहू दे ना ताई. मी ड्रायव्हर बांधला, तू म्हणालीस, कशाला डोळे फोडून घेतेस, मी येतेच ना रविवारी. मला वाटलं, हिलाही वाटतं की ताईला काय कळणार. दुरुस्तीवाल्याचं मी मनावर घेतलं नाही, तुझं घेतलं. मग आईच्या तोंडून निघालं, की तुझ्या नवऱ्याला परदेशात नोकरी मिळाली आहे, तो निघायची घाई करतोय, आणि तू त्याला सांगतेस, मी कशी येऊ, ताईचे फोन कोण करणार, तिचा मोडेम तर चालत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं बहिरेपण पुढे करून स्वतःला थोर म्हणवून घ्यायचं? मला लोढणं ठरवायचं? त्या रागातच मी मोडेमच्या कामाचा फडशा पाडला, आणि लागला त्याच दुपारी तुला मेल टाकली: चालू झाला, आता खुशाल जा, माझ्यावर उपकार नकोत.

उत्तर लगेच आलं. तुझ्या नावाने. 'अभिनंदन ताई, आता काळजी मिटली, आमची तिकिटं काढायला हरकत नाही.' त्या वेळी तू लॅबमध्ये असतेस, आणि तिथे मेल बघायची सोय नाही असं तूच मला सांगितलं होतंस. शिवाय तू मला जन्मात कधी अभिनंदन म्हटलेलं नाहीस, फार तर 'सुटलीस बाई' म्हणाली असतीस. तुझी मेल तो उघडतो, तो वाचतो, तुझ्या नावाने उत्तरंही तोच लिहितो. ते वाचता वाचता मला एक जेवण आठवलं, जे मी विसरायचा प्रयत्न करत होते. आई पोळ्या करायला आत होती. तू कसलीशी नक्कल केली होतीस, मी हसत होते. तो तुझ्याकडे झुकला आणि म्हणाला, चार माणसांत फार चालते तुझी जीभ, घरी चल, मग दाखवतो. तुझ्या कानाशी बोलला, पण तोंड माझ्याकडे होतं. हिला कुठे ऐकू येतंय, म्हणून बोलला. आणि लगेच माझ्याकडे वळून, मोठ्ठं तोंड उघडून, सावकाश विचारलं, ताई, मोडेमचं काय झालं? मी स्वतःची समजूत घातली की मी चुकीचं वाचलं. पण त्यानंतर तू नक्कल केली नाहीस. एकटी यायचीस ती त्याच्याबरोबर यायला लागलीस, आणि तो घड्याळ बघत दारात उभा राहायला लागला. मोडेमची किळस मला कुठे आली होती गं, किळस म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं.

म्हणून हे कागदावर, आणि म्हणून लॅबच्या पत्त्यावर. ऐक. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कॅफेत गेले आणि तिथून तुझ्या पत्त्यावर मेल केली, की सिस्टिम अपडेट केली आणि मोडेम पुन्हा बंद पडला. तुझं न जायचं निमित्त तुला परत दिलं. खोटं बोलायचं तर नीट बोलावं. असल्या मोडेमबद्दल असलं काहीही पटतं. त्याचं उत्तर आलं, आता स्वतःच्या नावाने, की रविवारी येऊन बघतो. येऊ दे. मी तो खरोखरच मोडून ठेवणार आहे, तो सावरायला त्याला दुपार पुरणार नाही, आणि मी त्याच्या शेजारी बसून मूर्खासारखे प्रश्न विचारत राहीन, ते मला आता उत्तम जमतं. तुझी खोली आम्ही झाडून ठेवलीय, आईला सगळं सांगितलंय. मोडायच्या आधी मी त्याच मोडेमवरून एका वकीलबाईंशी लिहून बोलले. रविवारी दुपारी त्या तुझ्या फोनची वाट बघतील, नंबर आईकडे आहे. माझ्यासाठी थांबतेय असं त्याला हवं तितके दिवस सांग, माझी काही हरकत नाही, पण मला तरी खरं सांग. आतल्या खोलीत जा, दार लावून घे. आजवर माझे सगळे फोन तू केलेस, हा एक तुझ्यासाठी कर. हे वाचून झालं की फाडून टाक.

रविवारची वाट बघणारी, तुझीच
ताई