हात रिकामे असल्याची साक्ष

आबा, तुमच्या माघारी मी रानाच्या आवाजांचं संगीत करायला लागले. पावशा, हरोळी या पाखरांची साद, वाळक्या पानांवरचा वारा हे ध्वनिमुद्रित करायचं, लांबवायचं आणि खाली एखादा संथ सूर सोडायचा. ना ठेका, ना शब्द. हिंजवडीतले लोक हेडफोन लावून ते ऐकतात, आणि त्यातून मिळतील ते पैसे मी रानं राखणाऱ्यांना देते. तुम्ही म्हणाला असतात, रान फुकट ऐकू येतंय की.

लहानपणी मी देवराईतून एक वाळकी काटकी घरी आणली, तर ताटातली भाकरी तशीच ठेवून तुम्ही मला भर उन्हात परत नेलंत आणि होती तिथे ती ठेवायला लावलीत. मला तुमचा फार राग आला होता. राईतून निघताना काठावर उभं राहून देवीला दोन्ही तळवे दाखवायचे, ही तुमची रीत. पुढे नोकरी लागल्यावर मी रेकॉर्डर घेऊन आले, तेव्हाही तुम्ही तो बंद करायला सांगितलात. राईतलं काहीच बाहेर न्यायचं नाही, आवाजसुद्धा. मी मान डोलावली.

यंदा रिह्याच्या खोऱ्यातल्या नव्या फार्महाउसांसाठी राईतून रस्ता काढायचा ठराव ग्रामसभेत आला. मी मोठ्या शहाणपणाने राईच्या आवाजांची माझी रचना वाजवली, स्वच्छ केलेली, माणसाची चाहूलही पुसलेली. लोक जांभया देत होते. आत्या म्हणाली, "ह्ये कुटलंबी रान हाय. आपलं न्हाई."

मग मी मूळचं, न पुसलेलं मुद्रण लावते. पानं चुरचुरतात, तुम्ही खोकता आणि देवीला सांगता, "चाललो आमी दोगं. हात रिकामं हायेत बग." रस्त्यासाठी सगळ्यात जास्त भांडणारा चुलतभाऊ खाली बघतो. आत्या नकळत दोन्ही तळवे पुढे धरते. ठराव बारगळला. आबांनी राई राखली, असं गावात म्हणतात.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडलं नसतं. तुम्ही बंद करायला सांगितलात त्या दिवशी रेकॉर्डर माझ्या पिशवीत चालूच होता. देवीसमोर तुम्ही आयुष्यात एकदाच खोटं बोललात, आबा, आणि ते तुम्हाला कळलंही नाही.